पोट रस्त्याकडे

निरवांगी, ता. इंदापूर
३ फेब्रुवारी २०२५

फारुकशेठ आतार, काचवाले, बारामती यांस,
दादासो शेंडगे यांचा नमस्कार.

फोन लावला तर तुमी "बघतो" म्हणता आन ठेवता. म्हणून लेखी कळवतोय. लेखी असलं म्हंजी माणसाला फिरता येत न्हाय.

आमच्या घराम्होरच्या वळणावर लावायला तुमच्या दुकानातनं स्टीलचा गोल आरसा नेला, दोन फुटी. उसाच्या डबल ट्रॉल्या त्या वळणावर हॉर्न देत न्हाईत. दिवाळीनंतर माझी लेक रोहिणी स्कूटीसकट रस्त्याकडंच्या पाण्याच्या चारीत गेली, म्हणून नेला. तुमचा भाऊ शाहिद बसवून देतो म्हणाला व्हता, पण खांब माझा, शिडी माझी, मला हात हायत. सव्वीस जानेवारीला मीच बसवला, तुमच्या चिठ्ठीत लिहिल्याबरहुकूम.

आता ऐका. तुमच्या आरशात समदं उलटं दिसतंय. ट्रॅक्टर उलटा, बैल उलटा, मास्तर सायकलवर आला तो बी उलटा. दुसरी गोष्ट, नट आवळताना आरशाच्या तोंडाम्होरं हात गेला तर असा चटका बसला की फोड आलाय. माझ्या आईकडं तुमच्या वडलांनी सायकलवरनं विकलेला चौकोनी आरसा हाय, पन्नास वर्सांचा. त्यात तोंड जसं हाय तसं दिसतं. बापानं खरा माल विकला, लेकानं असला.

आरसा बदलून द्या.

दादासो शेंडगे


बारामती
१० फेब्रुवारी २०२५

दादासो शेंडगे यांस, स. न.

पत्र मिळाले. दुकानात तिघांना वाचून दाखवले, कारण असे पत्र पुन्हा यायचे नाही.

दादासो, आरशात उलटेच दिसते. जगातल्या प्रत्येक आरशात. तुमचा उजवा हात आरशातल्या माणसाचा डावा होतो. रुग्णवाहिकेच्या तोंडावर अक्षरे उलटी लिहिलेली असतात ती त्यासाठीच. आब्बांनी बानूबाईंना विकलेल्या आरशातही उलटेच दिसते. पन्नास वर्षे त्यांनी तक्रार केली नाही, कारण त्या शहाण्या आहेत.

राहिला चटका. स्टील उन्हात तापते. तुमच्या दारातली पत्र्याची बादली दुपारी दोनला उचलून बघा आणि बादलीवाल्यालाही पत्र लिहा.

आणखी एक तक्रार कराल म्हणून आधीच सांगतो. हा घरातल्यासारखा सपाट आरसा नाही. सपाट आरसा वस्तू जेवढी आहे तेवढी दाखवतो, जितकी पुढे तितकीच मागे, पण रस्त्याचा तुकडाच तेवढा दाखवतो. फुगीर आरसा दोन्ही बाजूंचा रस्ता दाखवतो, म्हणून त्यात सगळे लहान आणि लांब दिसते. ट्रॉली दिसते त्याहून जवळ आहे असे समजून चालावे.

माल बदलून मिळणार नाही. मालात दोष नाही.

फारुक आतार


निरवांगी
२४ फेब्रुवारी २०२५

फारुकशेठ,

तुमी दुकानात वाचून दाखवलं, आमी चावडीवर दाखवलं. हिशेब फिटला.

डावं-उजवं मला कळतं. मी चौथीत शाळा सोडली, तरी न्हाव्याच्या दुकानात बसलोय. मी उलटं म्हणलं त्याला उलटंच म्हणायचं व्हतं. माझी आई बानूबाई ओट्यावर बसून दिवसभर त्या आरशाकडं बघती. ती म्हणती, "दादा, ह्यात माणसं डोक्यावर चालत्यात." आन जवळ गेलं की माझंच तोंड परातीएवढं दिसतं. तुमी लिवता लहान दिसतं. कुठं लहान?

कडबा आलाय. औंदा पेंढ्यांची गंज खांबापाशीच लावतोय, आरशाच्या बुडाला, दुसरीकडं जागा न्हाय. त्यात मला बारामतीला यायला सवड न्हाय. शाहिदला पाठवा. त्यानं स्वतःच्या डोळ्यानं बघावं आन तुमाला सांगावं.

दादासो


बारामती
५ मार्च २०२५

दादासो,

मंगळवारी, ११ तारखेला शाहिद लासुर्ण्याला खिडक्या बसवायला येतो आहे. तिथून तुमच्याकडे येईल. रोजे चालू आहेत, तेव्हा त्याला उन्हात फार उभे करू नका.

माणसे डोक्यावर चालताना दिसत असतील तर बानूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. मोतीबिंदूचे शिबिर इंदापूरला दर महिन्याला असते. आरसा बदलून डोळे बदलत नाहीत.

फारुक आतार


निरवांगी
१३ मार्च २०२५

फारुक आतार,

आज होळी. आमची मंगळवारीच झाली.

तुमचा भाऊ साडेतीनला आला. तुमी माझ्या आईच्या डोळ्यांवर लिवलं ते पत्र माझ्या थोरल्या रविराजच्या खिशात व्हतं. त्यानं शाहिदला अंगणातच इचारलं, तुझ्या भावाला आई हाय का न्हाय. शब्दानं शब्द वाढला. शाहिद म्हणाला, "तुम्हाला आरसा नको, तमाशा पाहिजे." त्याला वळणापर्यंत जाऊ बी दिलं न्हाय, दारातनंच लावून दिला. चारला गाडीला किक मारून गेला.

पावणेपाचला गंज पेटली. बाराशे पेंढ्या. सहा जनावरं आन चाळीस मेंढरं, उन्हाळा तोंडावर. बोअर चालू करेपर्यंत राख झाली. खांब काळा पडला, तुमचा आरसा तेवढा तसाच हाय.

वळणावरनं जाताना त्यानं काडी टाकली, न्हाय तर सिगारेट. शेजारच्या आप्पांनी त्याच्या तोंडातनं धूर बघितलाय. मी ठाण्यात अर्ज दिलाय. त्यात नाव लिवलंय: शाहिद आतार. चौकशी सुरू हाय.

ऐकलं की तो अग्निशमन दलात लागतोय. आधी लावायची, मग इझवायची. चांगली प्रॅक्टिस करतोय.

दादासो शेंडगे


बारामती
१७ मार्च २०२५

दादासो शेंडगे,

शाहिद रोजा धरतो. सूर्य मावळेपर्यंत तो थुंकी गिळायलाही दोनदा विचार करतो, आणि तुमचे आप्पा चार वाजता त्याच्या तोंडातून धूर काढतात. डोळ्यांच्या शिबिराला बानूबाईंबरोबर आप्पांनाही न्या.

तुम्ही काय केले आहे ते समजून घ्या. पाच वर्षे तो पहाटे मैदानावर पळाला. तीन वेळा लेखी परीक्षा दिली. निवड झाली आहे, आता फक्त पोलिसांचा चारित्र्य दाखला जायचा आहे. शेवटची तारीख २८ मार्च. तुमचा अर्ज ठाण्यात पडून असेल तोवर दाखला निघत नाही, आणि गुन्हा नोंदला गेला तर पुढे कधीच नाही. आग लावल्याचा संशय असलेल्या माणसाला आग विझवायच्या नोकरीत कोण घेईल?

तुमचा कडबा जळला याचे वाईट वाटते. पण त्याबद्दल माझ्या भावाचे आयुष्य जाळायचा तुम्हाला हक्क नाही. अर्ज मागे घ्या. नाहीतर खोट्या तक्रारीबद्दल मीही ठाण्यात येतो.

आरशाबद्दल पुन्हा लिहू नका. आरशात काही दोष नव्हता.

फारुक आतार


निरवांगी
२० मार्च २०२५

फारुक आतार,

या ठाण्यात. खुर्ची टाकून ठेवतो.

रोजा धरला का सोडला ते देवाला म्हाईत. मला एवढं म्हाईत हाय की साडेतीनला माणूस आला, भांडला, गेला, आन पाऊण तासात गंज गेली. त्या दिवशी वारं न्हवतं. वायर जवळनं जात न्हाय. चूल लांब. पंचनाम्यात आलंय की गंज बुडातनं न्हाय, शेंड्याकडनं पेटली. म्हंजी त्यानं पेटतं कायतरी वर भिरकावलं. बुडाला काडी टाकणारा येगळा, वर भिरकावणारा येगळा. वर भिरकावणारा रागात असतो.

अर्ज मागं घेत न्हाय. अठ्ठावीस तारीख तुमची हाय, माझी न्हाय.

दादासो

(याच पाकिटात, वहीच्या कागदावर वेगळ्या अक्षरात)

फारुककाका, मी रोहिणी. पत्रं पोस्टात टाकायला बाबा माझ्याकडे देतात, म्हणून हे आत घालतेय. बाबांना माहीत नाही.

त्या दिवशी आजीनं शाहिददादांना तांब्याभर पाणी दिलं होतं. ते म्हणाले, "आजी, रोजा आहे," आणि तांब्याला हात जोडून परत दिला. आजीनं हे बाबांना दोनदा सांगितलं. बाबा म्हणतात, तुला ऐकू कमी येतं.

आजी आणखी एक म्हणते. आग लागायच्या आधी ती ओट्यावरून बघत होती. ती म्हणते, कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. "आरशातनं सूर्य गंजीवर उतरला." तिचं म्हणणं कुणी लिहून घेतलं नाही. मी लिहून घेतलं.


बारामती
२३ मार्च २०२५

दादासो शेंडगे यांस,

हे पत्र नीट वाचा. मी तुमचे दुसरे पत्र नीट वाचले नव्हते. बानूबाईंच्या ओळीपर्यंत आलो, हसलो, आणि पत्र ड्रॉवरमध्ये टाकले. काल काढून पुरते वाचले. "जवळ गेलं की माझंच तोंड परातीएवढं दिसतं."

फुगीर आरशात कधीही, कुणाचेही तोंड मोठे दिसत नाही. हे मला आब्बांनी दहाव्या वर्षी शिकवले. म्हणजे तुमच्या रस्त्याकडे आरशाची फुगीर बाजू नाही. खोलगट बाजू आहे.

तसले दोन आरसे घडवून घेतले होते. एक तुम्ही नेलात, एक दुकानात आहे. काल तो गच्चीवर नेला आणि खोलगट बाजू समोर करून भिंतीला टेकवला. चार पावले मागे गेलो. आरशात मी डोक्यावर उभा होतो. टोपी खाली, चपला वर. डावे-उजवे नव्हे, दादासो. खाली-वर. तुम्ही उलटे म्हणालात ते हे उलटे, आणि मी तुम्हाला रुग्णवाहिकेची गोष्ट सांगितली.

मग पावणेपाचपर्यंत थांबलो. आरसा उन्हाकडे केला. गवळीवाड्यातून कडब्याचे एक पाल्यासकट ताट आणले होते, ते आरशापासून दोन फुटांवर, थोडे खाली धरले. पानावर रुपयाएवढा पांढरा ठिपका पडला. मी मोजत होतो. अकराला धूर आला, चौदाला जाळ. रोज्याच्या घशात धूर गेला. माझी बायको मुनिरा जिन्यातून म्हणाली, कबुतरं हाकलताय की घर जाळताय.

ऊन सपाट आरशावर पडले की ज्या कोनात आले त्याच कोनात परत जाते, सरळ. फुगीर आरशावर पडले की चारी दिशांना पांगते, कुणाला काही होत नाही. खोलगट आरशात पडले की एका ठिकाणी गोळा होते. सव्वीस जानेवारीपासून तुमच्या खांबापुढे दोन फुटांवर, अधांतरी, रोज दुपारनंतर एक निखारा होता. तिथे काही नव्हते म्हणून काही जळाले नाही. एकदा तुमचा हात गेला. मग तुम्ही गंज रचत नेलीत आणि त्या मंगळवारी तिचा शेंडा त्या जागेवर नेऊन ठेवलात. म्हणून ती वरून पेटली. बानूबाईंनी जे पाहिले ते बरोबर पाहिले. शाहिदने काडी टाकली नाही.

आता माझे. आरशाला दोन बाजू असतात, पण आरसा एकाच बाजूचा असतो. दुसऱ्या बाजूला पाठ असते, तिला काळा रंग देतात. हे दोन आरसे मी दोन्हीकडून चकाकणाऱ्या पत्र्याचे घडवले, आणि तुम्ही घाईत होतात म्हणून पाठीला रंग न देताच दिला. आरशात दोष नव्हता असे मी दोनदा लिहिले. दोन्ही वेळा मला ते रंगाचे माहीत होते.

हे सगळे मी सही करून ठाण्यात द्यायला तयार आहे. दुकानाचे काय व्हायचे ते होईल. पण आरसा उलटा बसवला हे बसवणाऱ्याने सांगावे लागेल. आज तारीख तेवीस.

फारुक आतार


निरवांगी
२६ मार्च २०२५

फारुक आतार,

पत्र मिळालं त्याच दुपारी खांबाला शिडी लावली. कडब्याचं पान धरलं. नवाला धूर आला. तुमच्यापेक्षा आमचं ऊन चांगलं हाय.

आता मी बोलतो. चिठ्ठी जपून ठेवलीय, झेरॉक्स सोबत जोडलीय. तुमच्या अक्षरात लिवलंय: "खांब आठ फूट. पोट रस्त्याकडे. नट घट्ट आवळणे." मी पोट रस्त्याकडंच केलं. घागरीचं पोट कुठं असतं? जितं पाणी असतं तितं. परातीचं पोट कुठं? जितं पीठ मळतात तितं. विहिरीच्या पोटात उतरतो तेव्हा आमी आत जातो का भाईर येतो? निरवांगीत लहान पोराला इचारा, पोट म्हंजी आत.

आन आरशाला पाठ असती तर मी चुकलो असतो का? माणसाला पाठ असते, जनावराला असते. तुमच्या आरशाला दोन तोंडं. दोन तोंडांची चीज तुमी विकली आन इचारता का चावली.

म्हंजी गंज मी पेटवली न्हाय. तुमच्या एका शब्दानं पेटवली.

पण अर्ज मागं घ्यायचं येगळं हाय. चावडीवर मी तुमची पत्रं वाचून दाखवली. समद्या गावाला शाहिदचं नाव सांगितलं. आता मी जाऊन सांगू, की दादासो शेंडग्यानं स्वतःच्या हातानं, स्वतःच्या खांबावर, स्वतःच्या गंजीला आग लावायचं यंत्र बसवलं? पोरं मला सूर्यनारायण म्हणून हाक मारतील. मेंढरं राखणाऱ्याच्या घरात जन्मलो, पण माझ्यावर आजवर कुणी हसलं न्हाय.

इचार करतो.

दादासो


बारामती
२७ मार्च २०२५, सकाळ
(जोतीरामच्या दुधाच्या टेम्पोतून)

दादासो,

तुमचे पत्र काल रात्री जोतीरामने आणून दिले. पोस्टाला वेळ नाही. माझा नंबर तुम्ही ब्लॉक केला आहे, म्हणून हा कागद जोतीराम तुमच्या हातात देईल.

आमच्या धंद्यात पोट म्हणजे पुढे आलेले. तुमचे आहे तसे. आत गेलेल्याला आम्ही खळगा म्हणतो. आब्बा असेच म्हणायचे, मी तसेच लिहिले. निरवांगीत पोट आत असते हे मला कळायला बाराशे पेंढ्या जळाव्या लागल्या.

लोकांच्या हसण्याची भीती असेल तर माझ्यावर हसू दे. सोबत माझा जबाब सही करून पाठवतो. त्यात लिहिले आहे की पाठीला रंग न देता आरसा मी विकला, चिठ्ठीतला शब्द माझा, आणि बसवणाऱ्याने चिठ्ठीबरहुकूम बसवला. हा कागद चावडीवर वाचून दाखवा. आवाज चढवून वाचा. कडब्याची गाडी सोमेश्वरनगरहून सांगितली आहे, शनिवारी पोचेल. ती तुमच्यावर उपकार म्हणून नाही.

शाहिदला मी यातले काही सांगितलेले नाही. तो अजूनही पहाटे पळायला जातो. उद्या अठ्ठावीस. त्याने कधी थांबायचे ते तुम्ही ठरवा.

फारुक


निरवांगी
३० मार्च २०२५, पाडवा

फारुकशेठ,

तुमचा जबाब चावडीवर वाचला न्हाय. त्यात तुमी मला "चिठ्ठीबरहुकूम" म्हणून सोडवलंय. मला कुणी सोडवायची गरज न्हाय.

शुक्रवारी रविराजच्या गाडीवर आरसा पोत्यात घालून ठाण्यात गेलो. अजित हवालदारांना म्हणालो, अर्ज मागं घ्यायचा हाय. ते म्हणाले, कारण लिवा. मी लिवलं: आमच्या हातून आरसा उलटा बसल्यामुळं गंज पेटली, शाहिद आतार याचा संबंध न्हाय. त्यांनी वाचलं आन इचारलं, "उलटा म्हंजी कसा? आरशात उलटंच दिसतं की."

मला तुमची आठवण झाली, शिवीसकट.

सांगून पटेना म्हणून आरसा आवारात जिपड्याला टेकवून उभा केला. तीन वाजलं व्हतं. हवालदार चार पावलं मागं गेलं, आन आरशात त्यांचं बूट वर झालं, टोपी खाली. ठाण्यातली समदी माणसं भाईर आली. एकेकानं उभं राहून बघितलं. सगळी हसली, पण स्वतःवर हसली, ते एक बरं झालं. मग हवालदार म्हणाले, जळतं म्हणता ते दाखवा. कागद मागितला. माझ्या हातात माझ्या पयल्या अर्जाची प्रत व्हती, तीच धरली. सातालाच धूर निघाला. फुकून इझवला. त्यांनी अर्ज निकाली काढला, दाखल्याला हरकत न्हाय म्हणून कागदावर माझ्यासमोर साहेबांची सही घेतली आन तो लगेच बारामतीला धाडला. सव्वाचार वाजलं व्हतं.

प्रत सोबत पाठवतोय. शाहिदचं नाव जितं व्हतं तितं भोक हाय. मी नेम धरला न्हवता. ऊन जितं गोळा झालं तितं जळलं.

आप्पांना इचारलं. ते म्हणाले धूर शाहिदच्या गाडीतनं येत व्हता, तोंडातनं न्हाय. आधी का न्हाय सांगितलं म्हणलं तर म्हणाले, तू इचारलंस का.

कडबा पोचला. तुमचा कडबा घ्यायचा न्हाय असं ठरवलं व्हतं, पण गाडी दारात उभी राहिली आन मेंढरांनी निकाल दिला. जनावरांना काय, ती खातात. गंज ह्या वेळी गोठ्यामागं लावली.

आरसा फिरवून बसवला. आतली बाजू रोहिणीनं काळ्या रंगानं रंगवली, तिला पाठ आली. आता माणसं पायावर चालतात. ट्रॉली लहान दिसती, लांब दिसती, तुमी लिवलं व्हतं तसं. आई म्हणती हे बी खोटंच हाय, पण ह्या खोट्यानं जीव जात न्हाय.

ह्यापुढं चिठ्ठीवर पोट लिहू नका. फुगीर लिवा.

आपला आता काय संबंध राहिला न्हाय. मी तुमच्या दुकानात यायचा न्हाय, तुमी माझ्या वळणावर यायची गरज न्हाय. आईचं तेवढं एक सांगणं हाय, ते तिनं तीनदा सांगितलं म्हणून लिवतो. ती म्हणती, रोजे सुटले की त्या पोराला पाणी प्यायला पाठवा, त्याचा तांब्या राहिलाय.

मी बोलवत न्हाय. आई म्हणती.

दादासो शेंडगे